जनता वसाहतीत राहतो, मुलगी नववीत, घरी अभ्यासाला जागा नाही. कॉलेजपर्यंत पोचायला पुण्यात फुकट काही मदत मिळते का?

मिळते, पण सगळं एका ठिकाणी नाही. आधी जवळची अभ्यासिका बघा, तिथे बसायला जागा मिळते पण शिकवायला कोणी नसतं, त्यासाठी एखाद्या संस्थेचा संध्याकाळचा वर्ग शोधावा लागेल. मी अशाच वर्गात गणित शिकवते, पोरं गणितापेक्षा कागदांत जास्त अडकतात (आधारवर एक स्पेलिंग, शाळेच्या दाखल्यावर दुसरं!), म्हणून जातीचा दाखला वगैरे निकालाआधीच काढून ठेवा. आणि हो, २०२४-२५ पासून ओबीसी, एसईबीसी (मराठा आरक्षणाचा गट), ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) मुलींना घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर इंजिनिअरिंग, फार्मसीसारख्या कोर्सची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, फक्त प्रवेश सरकारी कॅप राउंडमधून (सगळ्या कॉलेजांसाठीची एकत्रित प्रवेश फेरी) हवा, मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर नाही मिळत.