बाळंतपणानंतर लघवी सुटते आणि योनीभोवती बधिर वाटतं, यांचा संबंध असतो का?

दुसऱ्या बाळंतपणानंतर खोकताना-शिंकताना लघवी सुटते आणि त्याच सुमारास योनीभोवतीचा स्पर्शही कमी जाणवायला लागला, असं तुम्ही लिहिलंय. हो, दोन्हींचं मूळ एक असू शकतं. मी फिजिओथेरपिस्ट आहे. बाळंतपणानंतरच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या बायकांबरोबरच माझं बरंचसं काम असतं. लघवीचं त्या सांगतात, बधिरपणाचं मात्र विचारल्याशिवाय क्वचितच कुणी बोलतं. तुम्ही विचारलंत, फार बरं केलंत.

कमरेखालच्या त्रिकास्थीतून पुडेंडल नावाची नस निघते. तिची एक फांदी गुदद्वाराकडे जाते, एक योनीच्या ओठांकडे आणि लघवी रोखणाऱ्या स्नायूकडे, तर एक क्लिटोरिसकडे. बाळंतपणात कळा देण्याचा काळ लांबला किंवा चिमटा लावावा लागला, तर ही नस ताणली जाते. मग स्पर्शही मंदावतो आणि लघवीवरची पकडही. बहुतेकींची नस काही महिन्यांत सावरते. अर्थात नुसते स्नायू सैल पडूनही लघवी सुटते, म्हणून तपासणी हवीच.

स्त्रीरोगतज्ज्ञांना दोन्ही तक्रारी एकाच भेटीत सांगा. त्या कापसाच्या बोळ्याने दोन्ही बाजूंचा स्पर्श ताडून बघतील. लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती उरते, ते सोनोग्राफीत दिसतं. साखरही तपासून घ्या. मधुमेहाने नसा मंदावल्या की मूत्राशय भरल्याचंच कळत नाही, लघवी साठून राहते आणि संसर्ग होत राहतो.

ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम निदान तीन महिने करावे लागतात: दिवसातून तीनदा, दर वेळी आठ आकुंचनं. पहिल्यांदा करताना अनेक जणी श्वास रोखतात, मांड्या आवळतात, पोट बाहेर ढकलतात. त्याने उलट खाली दाब येतो. वारा अडवताना आत ओढतो तसं ओढायचं, श्वास चालू ठेवून. लघवी करता करता मध्येच थांबवण्याचा व्यायाम मात्र करू नका.

आणि एक गोष्ट घरात सगळ्यांना सांगून ठेवा. सायकलच्या सीटवर टेकतो तो सगळा भाग अचानक बधिर झाला, लघवी तुंबली, पायांतली ताकद गेली, तर कमरेच्या मणक्यातल्या नसा दाबल्या गेलेल्या असू शकतात. अशा वेळी सकाळची वाट न बघता थेट मोठ्या इस्पितळात जा.