प्लेटोचे विचार युरोपला प्रबोधनकाळातच प्रथम कळले का?

नाही, मध्ययुगीन युरोपला प्लेटो ठाऊक होता, मात्र त्याचे बहुतेक संवाद लॅटिनमध्ये उपलब्ध नव्हते आणि ही उणीव १५व्या शतकात फ्लॉरेन्समध्ये भरून निघाली. ‘टिमायस’ या संवादाचा पहिला भाग चौथ्या शतकाच्या सुमाराच्या कॅल्सिडियस या लेखकाच्या जुन्या लॅटिन भाषांतरातून शतकानुशतके अभ्यासला जात होता; ‘मेनो’ आणि ‘फीडो’ या संवादांची भाषांतरे १२व्या शतकात सिसिलीत झाली, पण त्यांचा प्रसार बेताचाच राहिला. पुढे फ्लॉरेन्सचा धनाढ्य सत्ताधीश कोझिमो दे मेदिची याने प्लेटोचे ग्रीक हस्तलिखित मार्सिलिओ फिचिनो या तत्त्वज्ञ-भाषांतरकाराच्या हाती सोपवले, आणि फिचिनोच्या लेखणीतून लॅटिनमध्ये उतरलेला समग्र प्लेटो १४८४ मध्ये छापून आला. त्याआधी, १४६३ मध्ये, फिचिनोने कोझिमोच्याच सांगण्यावरून हर्मिस या प्राचीन इजिप्शियन मानल्या गेलेल्या दंतकथेतील ज्ञानी पुरुषाच्या नावावर असलेल्या ग्रंथांचे भाषांतर पुरे केले होते. हा क्रम मला फार बोलका वाटतो, कारण या मंडळींच्या दृष्टीने प्लेटो हा स्वतंत्र तत्त्वज्ञ असण्यापेक्षा एका अतिप्राचीन ज्ञानपरंपरेचा वारस होता.

मात्र यावरून प्रबोधनाने मध्ययुगीन तत्त्वज्ञानाशी नाते तोडले, असा अर्थ काढू नये. मध्ययुगीन तत्त्वज्ञानाचा मोठा आधार असलेला ॲरिस्टॉटल विद्यापीठांतून शिकवला जातच होता. स्वतः फिचिनोने प्लेटोकडे प्लोटायनस हा प्लेटोचा उत्तरकालीन अनुयायी व ऑगस्टीन हा ख्रिस्ती धर्मचिंतक यांच्या नजरेतून पाहिले, आणि आत्म्याच्या अमरत्वावरील त्याच्या ग्रंथात थॉमस अक्वायनस या मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञाचे युक्तिवाद अनेक ठिकाणी आढळतात.