बाकीच्या अकरा जणींचं काय?

"मॅडम, पुण्याला शिकायला गेलेली पोरगी हातची जाते, आमच्या गावातच दोन उदाहरणं आहेत." हे वाक्य माझ्यासमोर इतक्यांदा आलंय की एक केस सांगूनच टाकते, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

निफाडकडचे द्राक्ष बागायतदार, मुलीला पुण्यात ॲडमिशन मिळत होती आणि हे काही केल्या तयार नव्हते. नाशिकला कॉलेज रोडला माझ्याकडे समुपदेशनासाठी दोघं आले, पोरगी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसलेली. मी कागद दिला, म्हटलं दादा, गेल्या पाच-सहा वर्षांत गावातून पुण्याला गेलेल्या मुलींची नावं लिहा. दोन नावं लिहून पेन थांबलं. मग पोरगीच सांगायला लागली, तेरा झाली. दोघींनी घरच्यांना न सांगता लग्न केलेलं, बाकीच्या अकरा? "त्यांचं काही कानावर नाही." कसं येणार, मेसचा डबा खाऊन परीक्षा देणाऱ्या पोरीची पारावर कोण चर्चा करतं! जे पटकन आठवतं तेच जास्त घडतं असं माणसाला वाटतं, ट्वेर्स्की आणि काहनेमन या मानसशास्त्रज्ञांनी हे १९७३ सालीच मांडलंय.

(मी तरी कुठे वेगळी, सुरुवातीला मला नाशिकमधलं प्रत्येक लग्न मोडायला आलंय असं वाटायचं, शेवटी नवरा म्हणाला, अगं ज्यांचं बरं चाललंय ते तुला फी द्यायला कशाला येतील.)

मग विचारलं, एक मणी गोड लागला म्हणून व्यापाऱ्याला माल काढायला सांगता का? हसले. "छे, चार ओळींतले मणी घेऊन शुगर बघतो. पण मॅडम, डावणीचा एक डाग दिसला तर अख्ख्या बागेला फवारणी घेतोच की!" (डावणी म्हणजे द्राक्षवेलीवर पडणारा रोग.)

खरं सांगते, मी गप्प झाले. मुद्दा बरोबर होता. मग म्हटलं, डावणी ओल मिळाली की पानावरून पानावर जाते, म्हणून एक डाग पुरतो, पण त्या दोघींचं लग्न हिला कुठून लागणार? "संगत असते ना मॅडम." बरं, म्हणजे भीती पुण्याची नाही, संगतीची आहे, मग हॉस्टेल कुठलं, रूममेट कोण, घरी किती दिवसांनी यायचं यावर तासभर बोललो, आणि यावेळी पोरगीपण बोलली.

पुढच्या आठवड्यात त्यांचा फोन, हॉस्टेल बघून आलो, सगळं ठीक आहे पण तिथली मेस एकदम बेकार. किती वेळा जेवलात विचारलं.

"एकदाच."