वाचकांचे प्रश्न : उसने पैसे, क्षमा आणि साक्ष

प्रश्न : ओळखीतल्या एकाने उसने घेतलेले पैसे दोन वर्षं झाली तरी फेडलेले नाहीत. ते सोडून द्यावेत आणि त्या निमित्ताने ख्रिस्ताच्या क्षमेविषयी त्याला सांगावं, असं मनात आहे. सुरुवात कशी करू?

उत्तर : आधी पैसे सोडा. सांगण्याचं नंतर बघू. दोन्ही एकाच बैठकीत उरकलंत तर ऐकून घेणं हीच परतफेड ठरते.

तुम्ही निवडलेली वाट मात्र शुभवर्तमानाच्या, म्हणजे येशूच्या संदेशाच्या, अगदी जवळची आहे. बायबलातल्या मत्तयाच्या पुस्तकात येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना आहे, तिच्यात पापासाठी शब्दच ‘ऋण’ आहे. त्याच पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात येशूने सांगितलेल्या दाखल्यातला (बोधकथेतला) चाकर राजाचे दहा हजार तालांत देणं लागतो. एक तालांत म्हणजे सुमारे 6,000 दिनार, आणि दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी! ती माफ झालेला हा गृहस्थ बाहेर पडतो आणि शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. ऋण सोडणाऱ्याने स्वतःला राजाच्या जागी नव्हे, या चाकराच्या जागी बघावं. मग बोलण्यातला उपकाराचा सूर आपोआप उतरतो.

आता प्रत्यक्षात. पैसे घरखर्चातले असतील तर आधी जोडीदाराला विचारा, कारण तोटा दोघांचा आहे. फिलेमोनाला त्याचा दास अनेसिम याच्याविषयी लिहिताना प्रेषित पौल ‘अनेसिमाचं देणं माझ्या नावावर मांड, मी फेडीन’ म्हणतो. सोडलेलं ऋण कुणाच्या तरी खिशातून जातंच. मग त्या माणसाला एकटं गाठा आणि एकदाच, स्पष्ट सांगा : “ते पैसे आता द्यायचे नाहीत. हिशेब मिटला.” चिठ्ठी लिहून घेतली असेल तर त्याच्या हाती द्या. “जमेल तेव्हा बघ” हे वाक्य टाळा. ती माफी नाही, मुदतवाढ आहे. निम्मेच सोडणं झेपत असेल तर तसं सांगा, पण उरलेल्याची तारीख ठरवा.

बहुतेक वेळा बिघडतं ते यानंतर. तो तुम्हाला टाळू लागतो. हा कृतघ्नपणा असेलच असं नाही. पुष्कळदा ती लाज असते. अशा वेळी त्याच्याकडे एखादं छोटं काम मागा, त्याला येणारं. देणारा कायम वरच राहिला तर मैत्री टिकत नाही. आणि ही गोष्ट तिसऱ्याला सांगू नका, प्रार्थनेच्या विनंतीच्या नावाखालीही नको. ती सवय मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, फार आहे.

प्रश्न : जिने माझी बदनामी केली तिच्या आजारपणात डबा द्यावा का? बायबलातल्या रोमकरांस पत्रात, शत्रूला जेवू घातल्याने त्याच्या डोक्यावर ‘निखाऱ्यांची रास’ होईल, असं म्हटलं आहे, ते वाचून गोंधळ होतो.

उत्तर : द्या, पण तिला खजील करण्यासाठी नको. लगेच पुढचं वचन बऱ्याने वाइटाला जिंकण्याचं आहे, आणि निखाऱ्यांचं वचन (12:20) त्याच्याबरोबरच वाचायचं. आधी विचारून घ्या : पथ्य काय, किती जणांचं, कोणत्या वेळी. भांडं परत मागावं लागणार नाही असं निवडा. दारात जुना विषय काढू नका. तिनेच काढला तर ऐका. तिने डबा नाकारला तर पुन्हा आग्रह नको.

मारहाण किंवा छळ करणाऱ्याच्या बाबतीत हे लागू नाही. मनातून क्षमा करता येते आणि तक्रारही नोंदवता येते. त्याच्या दारात जाणं क्षमेचा भाग नाही.

प्रश्न : गरजूंना द्यायच्या मदतीच्या पिशवीत येशूविषयीची छापील पत्रिका ठेवावी का?

उत्तर : नको. गरजेत असलेला माणूस नाही म्हणू शकत नाही, म्हणून न मागितलेली पत्रिका त्याला अट वाटते. “हे का करता?” असं त्याने स्वतः विचारलं तर उत्तर तयार ठेवा, पेत्राच्या पहिल्या पत्रात (3:15) ते सौम्यतेने आणि आदराने द्यायला सांगितलं आहे. “मला फार मोठं देणं माफ झालंय, येशूमुळे” एवढं पुरतं. पुढचं त्याने विचारलं तर सांगा. नाही विचारलं, तरी पुढच्या आठवड्याची पिशवी ठरल्या दिवशी पोचली पाहिजे.