सकाळी ११ वाजता नागपूरला एंडोस्कोपी आहे. गावाहून पहाटेच्या एसटीने निघताना अर्धा कप चहा घेतला तर चालेल का?

नाही, दुधाचा चहा अर्धा कपही नको. दूध जेवणातच धरतात. मी एंडोस्कोपीच्या खोलीत सिस्टर आहे, आणि या चहापायी किंवा बसस्टँडवर तोंडात टाकलेल्या तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यापायी तपासणी पुढे ढकललेले पेशंट नेहमीच पाहते. रात्री आठच्या आत वरण-भातासारखं हलकं जेवा, तर्रीची भाजी त्या दिवशी राहू द्या. साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालतं, म्हणजे ९ नंतर थेंबही नाही. तपासणीआधी घसा बधिर करायला घशात कडू फवारा मारतात, घसा सुजल्यासारखा जड वाटतो, पण तो सुजलेला नसतो. मग डाव्या कुशीवर निजवून दातांत प्लास्टिकची रिंग देतात आणि त्यातून करंगळीएवढी कॅमेऱ्याची नळी पोटात घालतात. उमासे येतात, ढेकर येतात, लाळ गळते. लाळ गिळू नका, गळू द्या, आणि नाकाने सावकाश श्वास घेत राहा. श्वास अडत नाही. साधी तपासणी ५ ते १० मिनिटांत आटपते. घसा बधिर असेपर्यंत, साधारण तासभर, पाणीही प्यायचं नाही. झोपेचं इंजेक्शन घेणार असाल तर सोबत माणूस आणा, २४ तास मोटारसायकलला हात लावू नका. मात्र इन्सुलिन, शुगरची किंवा रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल तर आजच डॉक्टरांना फोन करून विचारा, मनाने काही बंद करू नका.