कुलपाच्या चिन्हावर किती विसंबावे?

प्रश्न : आमचा लहान उद्योग आहे. अनोळखी पुरवठादाराकडून ऑनलाइन माल मागवताना संकेतस्थळावरील कुलपाचे चिन्ह पुरेसे मानावे काय?

उत्तर : नाही. तुमचा ब्राउझर आणि ते संकेतस्थळ यांच्यातील माहिती कूटबद्ध होऊन (म्हणजे इतरांना वाचता येणार नाही अशा रूपात) जाते, एवढेच ते चिन्ह सांगते. पुरवठादाराच्या सचोटीची ग्वाही ते देत नाही, आणि फसव्या संकेतस्थळांनाही ते सहज मिळते. त्याहून पुरवठादाराच्या दस्तऐवजावरील डिजिटल स्वाक्षरी (संगणकाने जोडलेली सांकेतिक सही) अधिक उपयोगी, कारण त्यात नंतर फेरफार झाला असल्यास तो तिच्यामुळे उघड होतो. दस्तऐवज केवळ इलेक्ट्रॉनिक आहे म्हणून त्याची वैधता नाकारू नये, हे तत्त्व संयुक्त राष्ट्रांच्या इलेक्ट्रॉनिक व्यापाराविषयीच्या १९९६ च्या आदर्श कायद्यातही (देशांना कायदे करण्यासाठी दिलेल्या नमुन्यातही) आहे. पहिली मागणी लहानच ठेवावी, आणि माल मिळेपर्यंत रक्कम त्रयस्थाकडे राहील अशी एस्क्रो सोय असल्यास (थोडे शुल्क पडले तरी) तीच निवडावी. पुरवठादाराचे बँक खाते बदलल्याचा ईमेल आला, तर आधीपासून ठाऊक असलेल्या क्रमांकावर विचारूनच पैसे पाठवावेत.