चाळिशी, हुरडा आणि लॅम्बोर्गिनी: आधी शेताचा रस्ता बघा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. भावाची चाळिशी जानेवारीत, आठ-दहा शाळेपासूनचे मित्र, जालन्याच्या बाजूला मावसभावाच्या शेतावर हुरडा, आणि भावाला धक्का म्हणून दिवसभरासाठी भाड्याची लॅम्बोर्गिनी. बेत झकास आहे. फक्त लॅम्बोर्गिनी आणि शेत यांचं आपसात अजिबात पटत नाही, आणि भांडण झालं तर शेतच जिंकणार.

मी बरीच वर्षं आपल्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला कारखान्यात गाड्यांच्या लाइनवर होतो. आता लग्नाला, वाढदिवसाला महागड्या गाड्यांची सोय लावून देतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही ज्या लॅम्बोर्गिनी हुराकानचा फोटो टाकलाय, ती जमिनीपासून साधारण साडेबारा सेंटीमीटर उंच. नियमाप्रमाणे बांधलेला गतिरोधक दहा सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, तो ती सावकाश पार करते. पण आपल्याकडे गावाच्या वेशीवर पोरं पळतात म्हणून ग्रामपंचायतीने एका रात्रीत जे उंचवटे घातलेत त्यांना कसलं माप? बटण दाबून गाडीचं नाक वर उचलायची सोय काही गाड्यांत असते, पण पोट तेवढंच राहतं. त्यापुढे पाणंद लागली, मधे उसाच्या ट्रॅक्टरने पाडलेली चाकोरी असली, की खेळ खलास. शिवाय सीट दोनच. इंजिन मागे, डिकी पुढे, तीही शंभरेक लिटरची. दोन किलोचा केक त्यात आडवा बसला तरी नशीब. म्हणजे भाऊ एकटा लॅम्बोर्गिनीत आणि मित्रमंडळी मागून बोलेरोत, असा वाढदिवस होतो. मी असे पाहिलेत. फोटो छान येतात, गप्पा मात्र बोलेरोत रंगतात.

आता भाड्याचं. हा भाग नीट वाचा, कारण इथेच लोक अडकतात. आपण स्वतः चालवायची भाड्याची गाडी असेल तर तिची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी लागतात. ड्रायव्हरसकट भाड्याने मिळते तिची पाटी पिवळी, अक्षरं काळी. पांढऱ्या पाटीची गाडी ही खाजगी, ती भाड्याने देताच येत नाही. स्वतः चालवायला गाड्या देण्याचा परवाना १९८९ च्या ‘रेंट-अ-कॅब’ योजनेखाली मिळतो आणि त्यासाठी किमान पन्नास गाड्यांचा ताफा लागतो. त्यामुळे ‘माझ्याकडे एकच आहे, पण कागद ओके आहेत’ असं कुणी फोनवर सांगितलं तर काय ते समजून जा. खाजगी गाडीच्या विमा पॉलिसीत स्पष्ट लिहिलेलं असतं की भाड्याने किंवा मोबदला घेऊन वापरली तर संरक्षण नाही. कोट्यवधीच्या गाडीचा पुढचा बंपर दुभाजकाला लागला आणि विमा कंपनीने हात वर केले, तर अनामत रकमेवर ते प्रकरण मिटत नसतं. माझ्या ओळखीतल्या एका कुटुंबाने लग्नात वरातीपुरती अशी पांढऱ्या पाटीची गाडी घेतली होती. गाडीला ओरखडा गेला, आणि हळद उतरायच्या आत मालकाची माणसं दारात. गाडीचा नंबर मिळाला की सरकारच्या एमपरिवहन ॲपवर टाका. गाडीचा वर्ग, विमा, फिटनेस दिसतं. नंबर द्यायला जो का-कू करतो, त्याला तिथेच रामराम.

आपल्या शहरात अशी गाडी कायदेशीर भाड्याने मिळणं अवघडच. मुंबई-पुण्याहून मागवली तर फ्लॅटबेड ट्रकवर घालून येते, आणि त्या वाहतुकीचे पैसे तुमच्याच बिलात.

तरीही गाडी हवीच म्हणाल, तर माझं मत वेगळं आहे. भाऊ चाळीस वर्षांचा, म्हणजे कॉलेजात होता तेव्हा शेंद्र्याच्या कारखान्यातून ऑक्टाव्हिया बाहेर पडत होत्या. स्कोडाने तिथे २००१ मध्ये काम सुरू केलं, आणि २००४ च्या सुमारास १.८ टर्बोवाली ऑक्टाव्हिया आरएस आली, दीडशे हॉर्सपॉवरची. त्या काळी सिडको, क्रांती चौकाकडं एखादी दिसली की पोरं बाइक वळवून मागे लागायची. लॅम्बोर्गिनी तुमच्या भावाने बहुधा मोबाइलवरच पाहिली असेल. आरएस त्याने डोळ्यांसमोर जाताना पाहिलीय आणि परवडत नाही म्हणून जीव जाळलाय. तीत पाच माणसं बसतात, डिकी म्हणजे खोलीच, आणि ती गावाच्या गतिरोधकावरून हळूहळू का होईना पण जाते. शहरात जपून ठेवलेल्या आहेत. आणखी एक पाऊल मागं जायचं तर प्रीमियर पद्मिनी बघा: १०८९ सीसी, स्टेअरिंगच्या दांड्यावरचा गिअर. तो गिअर टाकताना चाळिशीतली माणसं कशी हसतात ते एकदा बघाच. फक्त आरएस असो की पद्मिनी, पंधरा वर्षांच्या पुढची गाडी असल्यामुळे नोंदणीचं नूतनीकरण झालंय का ते आरसी बुकात पाहून घ्या.

आणि ही गाडी भाड्याने नको, मागून घ्या. मित्राने मित्राला एक दिवस गाडी दिली, पैसे घेतले नाहीत, चालवणाऱ्याकडे लायसन्स आहे, विमा चालू आहे, तर त्यात भाड्याचा प्रश्नच येत नाही. परत करताना टाकी फुल्ल करून, धुऊन, आत मोसंबीची एक जाळी ठेवून द्यायची. आपल्याकडे हे चालतं. महागड्या गाड्यांची हौस या शहराला नवी नाही. २०१० मध्ये इथल्या लोकांनी एकत्र येऊन तब्बल दीडशे मर्सिडीज एकदम घेतल्या, ६५ कोटींचा सौदा, तोही घासाघीस करून. तुमच्या मित्रमंडळात, त्यांच्या सासुरवाडीत, कुणाकडे तरी गाडी नक्की निघेल. नुसतं विचारायचं असतं.

रस्ता असा धरा. सकाळी सातला निघून सावंगीच्या इंटरचेंजवरून समृद्धी महामार्गावर चढायचं आणि जालन्याला उतरायचं. तेवढ्यात गाडीची हौस फिटते. वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे आणि कॅमेरे आहेत. हुराकान शून्यापासून शंभरला तीन-साडेतीन सेकंदांत पोचते, म्हणजे तुमच्या भावाची मजा जांभई द्यायच्या आत संपली असती. आरएस तिथपर्यंत जरा वेळ घेते, तेवढा वेळ मजा टिकते. निघण्याआधी टायर बघा, हवा बघा. जुन्या गाडीचे टायर वरून नवे दिसले तरी रबर कडक झालेलं असतं, आणि काँक्रीटवर सलग वेगात ते तापून फुटतं. समृद्धीवर फोटोसाठी कडेला थांबायचं नाही, छतातून अंग बाहेर काढायचं नाही. जालन्याला उतरल्यावर चहाला थांबा, फोटो तिथे काढा, आणि तिथून गाडी एकेकाला थोडी थोडी चालवू द्या, मालकाने हो म्हटलं असेल तरच. पद्मिनी मिळाली तर समृद्धीचा नाद सोडा आणि जुन्या जालना रोडने जा.

शेताच्या फाट्यापर्यंत डांबर असेल तर गाडी फाट्यावर कुणाच्या तरी अंगणात लावा. पुढचा तुकडा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. ही गंमत वाटते तितकी किरकोळ नाही. शहरातली माणसं ट्रॉलीत चढली की आपोआप आरडाओरडा सुरू होतो.

आता मुद्द्याचं, म्हणजे हुरडा. मावसभावाला आत्ताच फोन करून विचारा की कणीस जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात कोणत्या अवस्थेत असेल. दाणा फार दुधाळ असला तर चिकट होतो, चार-सहा दिवस उशीर झाला तर निबर, ज्वारीच म्हणायची. त्याच्याकडे गुळभेंडी, म्हणजे खास हुरड्याची ज्वारी, असेल तर सोनं. भाजल्यावर चोळताना दाणा सहज सुटतो आणि गोडी वेगळीच. आगटीत गोवऱ्यांचा निखारा आधी नीट पडू द्या, ज्वाळेवर कणीस काळं होतं आणि आत कच्चं राहतं. दहा माणसांना एक चोळणारा पुरत नाही, दोघं लागतात, आणि माणसं आगटीभोवती बसल्यावरच पहिली कणसं निखाऱ्यातून काढायची. हुरडा थांबत नाही. तळव्यावर चटका बसतोय, फुंकर मारून कुसं उडवायची आणि तसाच तोंडात टाकायचा; पाच मिनिटांनी ताटलीत घेतलेला हुरडा म्हणजे नुसते दाणे. सोबत लसणाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ, गोडीशेव, बोरं. वरून मठ्ठा.

हुरड्यानंतर लगेच पंगत बसवू नका. लोक पोटभर हुरडा खातात आणि मग यजमानाच्या आग्रहाखातर भाकरी चिवडत बसतात. दोन-तीन तास जाऊ द्या, विहिरीवर फिरू द्या, पत्ते कुटू द्या. मग बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा आणि येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची, आमटी. पुण्याकडचा एखादा मित्र असेल तर येसर त्याने चाखलेला नसेल, त्यामुळे आमटी जास्तच टाका. मटण खाणारे असतील तर शेतावर घाट घालू नका. संध्याकाळी शहरात परतून नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचं कालवण. खलिया डेगीतलाच हवा, घरच्या कुकरमध्ये तो फक्त रस्सा होतो. नान मात्र आधी सांगून ठेवा, ऐन वेळी संपतात.

केक कापायला सुरीच आणा. तलवारीने कापला, व्हिडिओ टाकला, की शस्त्र कायद्याखाली गुन्हा, आणि वाढदिवस पोलीस ठाण्यात. तो फेसाचा स्प्रेही नको. त्यात पेट घेणारा वायू असतो आणि समोर मेणबत्ती किंवा तुमची आगटी पेटलेली असते. फ्लेक्स, जेसीबीतून फुलं वगैरे तुम्ही लिहिलं नाहीत, बरं वाटलं.

दारूचं तुम्ही विचारलं नाही, पण दहा मित्र म्हटल्यावर निघतेच. ज्याच्या हातात स्टेअरिंग, त्याच्या हातात मठ्ठा, हे सकाळीच ठरवा. रक्तात शंभर मिलीला तीस मिलिग्रॅमच्या वर सापडलं तर पहिल्या खेपेला दहा हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. वर गाडी दुसऱ्याची, आणि दारू पिऊन चालवली म्हटल्यावर विमाही देत नाही. परतीला एक ड्रायव्हर वेगळा सांगितला तर सगळ्यात उत्तम. त्यालाही जेवायला बसवा.

मावसभावाचं गाव आणि डांबरी रस्ता नेमका कुठपर्यंत आहे ते लिहा. गाडी कोणती चालेल आणि कुठे लावायची, ते त्यावर सांगतो.